कमानीवरचं नाव

आमच्या गावात जे नाव मोठ्याने घेतलं की निम्मं गाव वळून बघतं, ते मी इथे लिहिणार नाही. लिहून फारसा उपयोगही नाही. ते गावदेवाचं नाव आहे, आणि घरात पहिला मुलगा झाला की त्याला देवाचंच नाव ठेवायचं, ही आमच्याकडची रीत. दुसऱ्या मुलाच्या वेळी आईबापांना जरा डोकं चालवावं लागतं, पहिल्याच्या वेळी अजिबात नाही. आडनावही निम्म्याहून अधिक गावाचं एकच. धुळ्याहून जळगावकडे येताना महामार्ग सोडून आत वळलं की आमचं गाव लागतं, आणि फाट्यावर उतरून कुणी पाहुण्याने नावानिशी चौकशी केली तर त्याला आधी चहा पाजतात, कारण पुढे वेळ लागणार हे सगळ्यांना ठाऊक असतं.

म्हणून आमच्याकडे नावाने कुणी कुणाला हाक मारत नाही. आबा, नाना, भाऊ, आप्पा यावर सगळं चालतं आणि उत्तम चालतं. खरं नाव लग्नपत्रिकेवर छापलं जातं, आणि माणूस गेला की दशक्रियेच्या निरोपात येतं. तो निरोप वाचून माणसं एकमेकांना फोन करून विचारतात, "कोणता?"

या एका नावाची तीन माणसं आमच्या गावाने मोठी मानली. पहिले आबा. ते पैलवान. कुठल्याशा जत्रेत त्यांनी मध्य प्रदेशातून आलेला एक मल्ल चीत केला होता. तो मल्ल दर वर्षी थोडा उंच होत गेला. आता तर तो आबांच्या घराच्या दारातून वाकून आत आला असता. दुसरे डॉक्टरभाऊ. गावातून शिकून डॉक्टर झालेले पहिलेच. जळगावला त्यांचा दवाखाना होता, आणि "मी गावचा" एवढं म्हटलं की ते माणसाला रांगेतून उचलून आत घेत. औषधापेक्षा गावाला याचाच अभिमान जास्त. तिसरे नाना. नाना वही गात. वही म्हणजे डफावर गायची कथा. खानदेशात पूर्वी गावोगावी तिचे फड असत. नानांना अक्षरओळख नव्हती आणि कथा सगळ्या तोंडपाठ होत्या. ते गायला बसले की अमळनेर-पारोळ्याकडून माणसं येत. नाना म्हणजे माझे वडील.

तिघेही आता नाहीत. पैलवान आबांचा फोटो त्यांच्या बैठकीत आहे, खांद्यावर गदा घेतलेला, दारातून आत जाणाऱ्याला दचकवणारा. डॉक्टरभाऊंच्या नावाची पाटी जळगावच्या दवाखान्यावर अजून आहे, मुलगा तिथेच बसतो. नानांचं काहीच नाही. गाण्याची एक कॅसेट होती, तिच्यावर कुणीतरी लग्नातला बँड भरून ठेवला. मतदानाच्या कार्डासाठी गावात सगळ्यांचे फोटो काढले तेव्हा नाना गाण्याला धुळ्याकडे गेलेले. एका लग्नाच्या फोटोत डफ दिसतो आणि डफावरची चार बोटं दिसतात. उरलेले नाना नवरदेवाच्या मामांच्या फेट्यामागे आहेत. ते मामा अजून हयात आहेत आणि मी त्यांच्याशी फार बोलत नाही.

माय गावातच राहते, एकटी. मी जळगावला शाळेत मराठी शिकवलं, आता निवृत्त आहे. मला भाऊ नाही. नाना गेल्यापासून मायचं एकच म्हणणं होतं: त्या दोघांचं काही ना काही आहे, यांचं कुठेतरी काहीतरी असायला पाहिजे, जिथे जाऊन हात टेकवता येईल. मी म्हणायची, माय, माणूस मनात असतो. ती म्हणायची, "मनमा ते मी ठेयेलच शे. भाईर काय शे?" मग मराठीची शिक्षिका विषय बदलायची.

अशात ग्रामपंचायतीने फाट्यावर कमान बांधायचं ठरवलं. शेजारच्या सगळ्या गावांना कमानी झाल्या होत्या आणि आमचंच गाव उघडं पडल्यासारखं वाटत होतं. ग्रामसभेत विषय निघाला, कमानीला नाव कुणाचं द्यायचं. नानांच्या फडात झांज वाजवणारे एक म्हातारे काका उठले आणि त्यांनी ते नाव सुचवलं. सभा म्हटली की आमची माणसं शुद्ध बोलायला जातात. काका नाना म्हणाले नाहीत. त्यांनी पूर्ण नाव घेतलं, आडनावासकट. सभेने टाळ्या वाजवल्या. पैलवानांच्या मुलांनी वाजवल्या, डॉक्टरभाऊंच्या पुतण्यांनी वाजवल्या, मागे बायकांत बसलेल्या मायने वाजवल्या. विरोधात एकही हात नाही. आमच्या ग्रामसभेत गटारीच्या झाकणावरूनही दोन तट पडतात. एकमत झालं तेव्हाच कुणाला तरी शंका यायला हवी होती.

माय फोनवर ओरडूनच बोलली. "तुना बापनं नाव कमानवर येवानं शे! बठ्ठासनी टाया वाजाड्यात!" दुसऱ्या दिवशी तिने चूल मांडून खापरावर मांडे केले, त्या वयात, आणि गल्लीला जेवू घातलं. त्याच दिवशी पैलवानांच्या वाड्यावर शेवभाजीचा बेत होता आणि डॉक्टरभाऊंच्या पुतण्यांनी पेढे वाटले. बरीच माणसं तिन्हीकडे जाऊन आली. तीन घरांत एकाच कारणासाठी आनंद का चाललाय, असं त्यांच्यापैकी एकानेही विचारलं नाही. फुकट जेवताना चौकशी करू नये, हे आमच्याकडे लहानपणीच शिकवतात.

घोळ उघडा पडला तो अक्षरं करणाऱ्या मिस्त्रीमुळे. भुसावळचे एक चाचा सिमेंटची उठावाची अक्षरं करतात. खानदेशातल्या कित्येक कमानींवर त्यांचा हात फिरलेला आहे. ते माप घ्यायला आले आणि त्यांनी सवयीप्रमाणे विचारलं, वर मधोमध चित्र काय घालायचं? पैलवानांच्या मोठ्या मुलाने सांगितलं, गदा. चाचांनी मान डोलावली. तिथून ते आमच्या दारात पाणी प्यायला थांबले. माय म्हणाली, डफ घाला, आणि डफाला घुंगरू नका लावू, ह्यांच्या डफाला नव्हते. चाचांनी मान डोलावली, जरा हळू. मग जळगावहून डॉक्टरभाऊंच्या मुलाचा फोन आला की आमच्या वडिलांसाठी छातीला लावायची नळी आणि तिच्याखाली लाल अधिकाचं चिन्ह कसं दिसेल. चाचा सामान तिथेच ठेवून थेट सरपंचांकडे गेले.

"सरपंचसाब," ते म्हणाले, "ये आदमी एक था, के तीन? कारण चित्राला जागा एकच आहे."

सरपंच तरुण आहेत, पाइपचं दुकान चालवतात. त्यांनी ठराव काढून वाचला. ठरावात फक्त नाव होतं. काकांना बोलावलं. काका म्हणाले, "मी ते नानानं नाव सांगेल व्हतं." पैलवानांचा मुलगा म्हणाला, आम्ही आबांच्या नावाला टाळ्या वाजवल्या. दोघंही खरं बोलत होते, त्यामुळे भांडण मिटण्याची सोय उरली नाही.

पारावर बैठक बसली त्या दिवशी मी एसटीने गावी गेले. मायला एकटीला जाऊ देणं बरोबर नव्हतं. तिच्याकडून बोलायला लेक नव्हता, जावई पुण्याला आमच्या पोराकडे गेलेले, आणि आमच्याकडे लेकीचा शब्द ऐकून घेतात, पण पाहुणीचा म्हणून. मी उठून नानांबद्दल बोलले. पंचवीस-तीस वर्षं वर्गावर ओरडल्यामुळे माझा आवाज चांगला आहे. नानांनी या गावाचं नाव कुठे कुठे नेलं ते सांगितलं. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. मग कुणीतरी विचारलं, "मास्तरीनबाई, चहा घेशात ना?" आणि विषय पुढे सरकला.

पैलवानांचा मुलगा म्हणाला, "आमना आबानी गदा नही, ते कमान बी नही." कमानीची वाळू आणि खडी त्यांच्या ट्रॅक्टरने आली होती, हे तो बोलला नाही, ट्रॅक्टर समोरच उभा होता. सिमेंट डॉक्टरभाऊंच्या मुलाने पाठवलेलं होतं, तेही सगळ्यांना ठाऊक. आमच्याकडून कमानीला काही गेलं नव्हतं. मायकडे मांडे होते, ते संपले होते.

कुणी म्हणालं, तिन्ही चित्रं घाला. चाचा म्हणाले, घालतो, पण लांबून ते दुकान वाटेल. कुणी म्हणालं, नावापुढे कंसात लिहा. कंसात काय लिहायचं यावर पुन्हा तेच. शेवटी सरपंचांनी निकाल दिला: चित्र नाही, कंस नाही, नुसतं नाव. ज्याला जो दिसेल त्याने तो बघावा. सगळा पार खूश झाला. मायला मात्र ते लागलं. घरी येताना ती म्हणाली, "ज्यासना फोटू शे, त्यासले लोके वळखतीन. आपला कोन वळखी?" लोक नाव वाचतील आणि ज्यांचं तोंड आठवतं तेच त्यांना दिसतील, असं तिचं म्हणणं. ते खरं होतं. मला सरपंचांचा राग आला, गदेचा आला, नवरदेवाच्या मामांचा तर नव्याने आला.

उद्घाटनाला धुळ्याहून एक मोठे पाहुणे येणार होते. फाट्यावर मांडव, समोर तीन खुर्च्या, खुर्च्यांवर तिघांच्या प्रतिमा ठेवून आधी पूजन, मग फीत, असा कार्यक्रम. गदेचा फोटो आला. डॉक्टरभाऊंचा आला, कोटातला. तिसऱ्या खुर्चीचं काय करायचं, यावर सकाळपासून खल चालला होता. एका हुशार माणसाने तोडगा काढला: नाव देवाचंच आहे, तर खुर्चीवर देवाचा फोटो ठेवा. सगळ्यांना हे पटलं. मलाही, खोटं का सांगू, बरं वाटलं. माय म्हणाली, "देव मोठा शे. पन तो मना मानूस नही." देवाचा फोटो परत देवळात गेला. खुर्ची मोकळी राहिली.

पाहुण्यांना उशीर झाला. मोठ्या पाहुण्यांना होतोच, नाहीतर ते मोठे कसले. ऊन चढलं. बायकांसाठी मागे सतरंजी होती, पण मायला पुढे उभं राहायचं होतं, आणि ती उभी होती, काठीवर दोन्ही हात ठेवून. बऱ्याच वेळाने ती मला म्हणाली, "पाय दुखी ऱ्हायनात." आसपास मोकळी खुर्ची एकच होती. ती जाऊन तिच्यावर बसली. तिला उठवायला जाणाराच वाईट दिसला असता.

तेवढ्यात गाड्या आल्या. धूळ, फटाके, डीजे. पाहुणे उतरले ते फोनवर बोलतच. कुणीतरी त्यांच्या हातात हार दिला, त्यांनी तो गदेच्या फोटोला घातला. दुसरा दिला, कोटाच्या फोटोला घातला. तिसरा हार हातात आला तेव्हा ते फोन खिशात ठेवत होते आणि तोंड कॅमेऱ्याकडे होतं. हार त्यांनी तिसऱ्या खुर्चीवर घातला. मग दोन्ही हात जोडले, डोळे मिटले, आणि क्षणभर उभे राहिले. डोळे उघडले तर समोरची प्रतिमा त्यांच्याकडे बघत होती.

फोटोवाल्याने तोपर्यंत कळ दाबली होती. डीजे अचानक बंद झाला. जिवंत माणसाला असा, गेलेल्यांच्या ओळीत, हार घालणं अभद्र, आणि त्यातून विधवा बाईला फुलांचा हार. सतरंजीवरच्या म्हाताऱ्यांनी तोंडाला पदर लावले. मी पुढे झाले आणि कानाशी म्हटलं, माय, हार काढ.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "तो मना नही. त्यासना शे."

पाहुणे अनुभवी होते. त्यांनी जणू असंच ठरलं होतं अशा चेहऱ्याने मायला पुन्हा नमस्कार केला, फीत कापली आणि माइक हातात घेतला. त्यांना कुणीतरी गाडीत एका कागदावर तिघांचीही माहिती दिली होती आणि नाव अर्थातच एकच दिलं होतं. त्यांचं भाषण फार चांगलं झालं. असा माणूस शतकातून एकदाच जन्मतो, ते म्हणाले. पहाटे तालमीत लाल माती अंगाला लावणारा, दिवसा गोरगरिबांची नाडी पाहणारा आणि रात्र रात्र डफावर वही गाणारा! बल, सेवा आणि कला एकाच देहात! गावाने चित्त लावून ऐकलं. मी सरपंचांकडे पाहिलं, सरपंचांनी चपलेकडे पाहिलं. चूक दुरुस्त करायला कुणीही उठलं नाही. खरं सांगायचं तर तो माणूस गावाला आवडला होता. पैलवानांचा मुलगासुद्धा डोळे पुसत होता.

मायने पहाट, दिवस, रात्र बोटांवर मोजली आणि ती खुर्चीवरून माझ्याकडे वळली. "मंग तो घर कव्हय ये?" तिने विचारलं.

कार्यक्रम संपल्यावरही तिने हार काढला नाही. त्याच हाराने ती फाट्यापासून घरापर्यंत चालत आली, सबंध गल्लीतून. दारादारांतून बायका बघत होत्या. मी खाली मान घालून मागे, आणि ती रमतगमत, कुणी भेटलं की थांबत, ख्यालीखुशाली विचारत चालली होती. नाना फड घेऊन परतत तेव्हा असेच यायचे, गळ्यात हार तसाच ठेवून, असं ती मला वाटेत म्हणाली. हे मला माहीत नव्हतं. मी लहान होते, झोपलेली असायची.

चार दिवसांनी फोटोवाल्याने फोटो पाठवले. एकात तिन्ही खुर्च्या एका ओळीत होत्या: गदा, कोट आणि हार घातलेली माय, काठी मांडीवर, नजर सरळ. मायने तिच्या एकटीचा भाग मोठा करून मागितला आणि पारोळ्याहून चौकट करून आणली. मी फोनवर पुष्कळ सांगितलं. हार घातलेल्या जिवंत माणसाचा फोटो भिंतीवर लावत नाहीत, लोक काय म्हणतील, मला तिथे आल्यावर कसं वाटेल. ती म्हणाली, तुला कसं वाटेल ते तू आल्यावर बघ. तिने तो बैठकीत खिळा ठोकून लावला.

तेव्हापासून घरी येणाऱ्यांची पंचाईत झाली आहे. नवीन माणूस आत येतो, फोटो बघतो, चप्पल काढून हात जोडतो, चेहरा पाडतो, आणि आतून फोटोतली बाई पाण्याचा तांब्या घेऊन येते. एका खतविक्रेत्याने पाणी घेतलंच नाही. दूरचे एक नातेवाईक फोटोचं ऐकून दारावर, म्हणजे सांत्वनाला, येऊन बसले, रडायलाच लागणार होते. मायने त्यांना शेवभाजीसाठी थांबवलं.

मागच्या महिन्यात मी गेले होते. शेजारी नवी सून आली आहे, दोंडाईचाकडची, बोलकी पोर. ती विरजण मागायला आली. मी आत ओट्यापाशी भांडी पुसत होते. वाटी हातात घेऊन ती फोटोसमोर थांबली. मग मायकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे.

"अक्का," ती भीत भीत म्हणाली, "हाऊ फोटू कोनना शे?"

आमच्याकडे मायच्या वयाच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. लग्नातला उखाणा सोडला तर मी मायच्या तोंडून ते कधीच ऐकलेलं नव्हतं. दवाखान्यात विचारलं की ती माझ्याकडे बोट दाखवायची आणि मी सांगायची. ते गेले त्या दिवशीसुद्धा ती नुसतं "अहो" म्हणून रडली होती. त्या पारावर, त्या ग्रामसभेत, एवढ्या भांडणात गावातल्या प्रत्येकाने ते नाव घेतलं, एक तिनेच घेतलं नाही.

माय फोटोच्या खाली जाऊन उभी राहिली. डोक्यावरचा पदर सारखा केला. आणि तिने नानांचं नाव सांगितलं, सबंध, आडनावासकट, ठणठणीत आवाजात.

मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. बाहेर त्या पोरीने विरजणाची वाटी खाली ठेवली, डोक्यावर पदर घेतला आणि फोटोला वाकून नमस्कार केला.